ऑलमन ब्रदर्स बँड: पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकतोय, सोबत या

जुनी_कॅसेट

गेला दीड महिना रात्रीची जेवणं उरकली की माझं एकच काम चालू आहे, ऑलमन ब्रदर्स बँड क्रमाने ऐकणं. म्हणजे स्टुडिओ अल्बम आणि लाइव्ह रेकॉर्डिंग दोन्ही, आणि प्रकाशित झालेल्या तारखेने नाही हं, वाजवलेल्या तारखेने. हा फरक पहिल्यांदाच सांगतो कारण त्यानेच सगळं चित्र बदललं. पूर्वी मी यांचा एक 'अॅट फिलमोर ईस्ट', म्हणजे न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरात वाजवलेला लाइव्ह अल्बम, सोडून फार काही नीट ऐकलेलं नव्हतं, आणि तेही पुणे-लोणावळा लोकलमध्ये तुकड्यातुकड्याने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च १९६९, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोघं गिटारवर, ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग गायला आणि हॅमंड ऑर्गनवर, बेरी ओकली बेसवर, आणि ड्रमवर एक नाही तर दोघं, बुच ट्रक्स आणि जेमो. तिथून लगेच मुक्काम हलवला जॉर्जियातल्या मेकन गावी, कारण त्यांचा मॅनेजर फिल वॉल्डन आणि त्याची कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्स तिथली. नोव्हेंबर १९६९ ला पहिला अल्बम आला तेव्हा तो पस्तीस हजारही खपला नाही. आज ऐकताना विश्वास बसत नाही. ग्रेग तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि आवाज असा की आयुष्यभर ठोकरा खाल्लेला माणूस गातोय. 'ड्रीम्स' हे गाणं रात्री दिवे मालवून ऐका, तीन-तीनच्या संथ लयीत झोके घेत चाललेलं असतं आणि मध्येच ड्वेन बोटात स्लाइड (तारांवरून घसरवायची नळी) चढवतो, त्या जागेला मी दर वेळी हातातलं काम खाली ठेवतो.

दुसरा अल्बम 'आयडलवाइल्ड साउथ', सप्टेंबर १९७०, निर्माता टॉम डाउड. 'मिडनाइट रायडर' यातलंच. आणि यातच 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड', जे डिकी बेट्सने रचलं. पण स्टुडिओत ते सातेक मिनिटांत संपतं, आणि पुढच्याच मार्चमध्ये फिलमोरला तेच तेरा मिनिटं चालतं. 'व्हिपिंग पोस्ट'चं तर पहिल्या अल्बमवर पाच मिनिटांचं गाणं, फिलमोरला जवळजवळ तेवीस मिनिटं.

तर माझं म्हणणं असं की या बँडचे स्टुडिओ अल्बम म्हणजे बंदिश आहे, लिहून ठेवलेली, स्वच्छ. गाणं मैफलीत होतं. एकच चीज चार तारखांना चार तऱ्हांनी कशी वाजली ते शेजारीशेजारी ठेवून ऐकलं तरच हे लोक काय करत होते ते कळतं. तुमचं काय मत?

डग्गा

अगदी मनातला धागा काढलात. मी मिरजेला तबला शिकवतो, आणि या बँडकडे आलो ते 'व्हिपिंग पोस्ट'च्या सुरुवातीमुळे. बेरी ओकली एकटा बेसवर चालू करतो ती जागा. हातावर धरून बघा: एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन. अकरा मात्रा! आपल्याकडे रुद्रताल अकरा मात्रांचा, पण तो बसून शिकावा लागतो, आणि इथे ग्रेगने ते गाणं रचलं तेव्हा त्याला आपण अकरात रचतोय हे ठाऊकच नव्हतं. त्याच्या डोक्यात फक्त तीन-तीन-तीन आणि मग पुढच्या उडीसाठी दोन, एवढंच होतं, अकरा आहेत हे भावाने दाखवून दिलं. आणि हे गाणं सुचलं तेव्हा मध्यरात्र, घरात कागद सापडेना, कुणाची झोपमोड नको म्हणून दिवा लावायचा नाही, तर पठ्ठ्याने काड्या ओढून विझवल्या आणि त्यांच्या कोळशाने इस्त्रीच्या टेबलावरच्या कापडावर शब्द लिहून ठेवले.

अजून एक बघा, अकराची चाल फक्त सुरुवातीला आणि मधल्या सांध्यांवर येते, ग्रेग गायला लागला की लय सहाच्या झोक्यात जाते. विद्यार्थ्यांना मी तो बदल नेमका कुठे होतो ते टाळी देऊन पकडायला सांगतो. पहिल्या खेपेला बहुतेक जण त्या शेवटच्या दोन मात्रांवर तिसरी टाळी देऊन बसतात.

दोन ड्रमरांबद्दल लोक म्हणतात की आवाज मोठा व्हावा म्हणून दोन. तसं नाहीये ते. बुच ट्रक्स म्हणजे रुळावरून निघालेली मालगाडी, थांबणार नाही, वेग सोडणार नाही. जेमो आधी ओटिस रेडिंगकडे वाजवलेला, मनाने जॅझवाला, तो त्या गाडीच्या भोवती नक्षी काढतो, समेच्या अलीकडे पलीकडे बारीक बोल टाकत राहतो. एकाने ठेका धरायचा, दुसऱ्याने उपज करायची. हे आपल्या लोकांना समजवावं लागत नाही.

कोरा_कागद

धागा छान आहे पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो, राग मानू नका. परदेशातलं काही आवडलं की आपण लगेच त्याला राग, बंदिश, मैफल असे आपले कपडे चढवतो. हे ब्लूज आहे हो. 'स्टेट्सबरो ब्लूज' ब्लाइंड विली मॅक्टेलचं, १९२८ सालचं रेकॉर्डिंग आहे, मॅक्टेल स्वतः जॉर्जियाचाच. 'डन समबडी राँग' एल्मोर जेम्सचं, 'स्टॉर्मी मंडे' टी-बोन वॉकरचं, 'ट्रबल नो मोर' मडी वॉटर्सचं, 'यू डोंट लव्ह मी' विली कॉब्सचं. फिलमोरच्या सातातली चार गाणी कृष्णवर्णीय ब्लूजवाल्यांची आहेत. त्या लोकांना आधी ऐका, मग या पोरांनी त्यात काय भर घातली ते दिसेल. मी तसंच केलं, आणि त्यानंतरच ड्वेनची थोरवी मला पटली.

त्याच्या स्लाइडची गोष्ट माहीत असेल बहुतेकांना. घोड्यावरून पडून डावं कोपर दुखावलेलं, त्या घोडेस्वारीला ग्रेगने नेलेलं म्हणून भावावर राग, बोलणं बंद, वर सर्दी झालेली. वाढदिवशी ग्रेगने दाराबाहेर सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली आणि ताज महाल या ब्लूज गायकाची पहिली रेकॉर्ड ठेवली, बेल वाजवली आणि निघून गेला. ड्वेनने रेकॉर्ड ऐकली, त्यावर 'स्टेट्सबरो ब्लूज' होतं, गोळ्या ओतून टाकल्या, बाटलीवरचं लेबल धुवून काढलं, बोटात घातली आणि थोड्या वेळाने भावाला फोन, ताबडतोब ये. ती कोरिसिडिनची बाटली. पुढे जगभरच्या गिटारवाल्यांनी तशा बाटल्या शोधल्या.

जुनी_कॅसेट

राग कसला, बरं झालं लिहिलंत. मॅक्टेल मी ऐकलेला नव्हता, काल रात्री ऐकला, त्या एकट्या बारा तारांच्या गिटारीतून ते गाणं इतक्या हलक्या पावलांनी चालतं की फिलमोरची पहिली स्लाइड त्यानंतर ऐकताना अंगावर काटा आला. तुमचं म्हणणं मान्य, आधी मूळ माणसं.

पण बंदिश-मैफल मी उगाच चिकटवलं नाही. जेमोने बाकीच्यांना माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन हे जॅझवाले ऐकायला लावले. ड्वेन माइल्सचा 'काइंड ऑफ ब्लू' पुन्हा पुन्हा ऐकायचा. म्हणजे एकच स्वरसमूह धरायचा आणि सूर न बदलता त्याच जागेत लांब फिरत राहायचं, ही रीत त्यांना तिथून मिळाली. आणि कोल्ट्रेन कुणाला ऐकत होता? रविशंकरांना. इतकं की १९६५ ला मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव रवि ठेवलं. त्यामुळे 'एलिझाबेथ रीड'मध्ये सुरुवातीला डिकी बेट्स आवाजाची कळ करंगळीने फिरवत सूर व्हायोलिनसारखा शून्यातून उगवायला लावतो, आणि मग दोन्ही गिटारी एकत्र मुखडा घेतात, आणि मग एकेकाची बढत, तिथे मला मैफल आठवली तर ती अगदीच परकी आठवण नाहीये.

लालमाती

मी अटलांटाजवळ राहते, सतरा वर्षं झाली. हा धागा वाचून दोन शनिवारांपूर्वी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन मेकनला गेले, गाडीने दीड तास. त्याबद्दल लिहिते.

व्हाइनव्हिल अॅव्हेन्यूवरचं 'बिग हाउस' आता संग्रहालय आहे. १९७० पासून तीनेक वर्षं बँडची मंडळी, बायका, पोरं तिथे एकत्र राहायची. घर खरंच मोठं आहे, पण मला लक्षात राहिलं ते स्वयंपाकघर, कारण डिकी बेट्सने 'रॅम्बलिन मॅन' तिथे पूर्ण केलं, पहाटे, बाकी सगळे झोपल्यावर. अगदी साधं स्वयंपाकघर. मुलगी तिथे टेबलाशी बराच वेळ उभी होती.

तिथून रोझ हिल स्मशानभूमी. टेकडीच्या उतारावर, खाली ओकमल्गी नदी आणि नदीला लागून रेल्वे. आम्ही होतो तेव्हा मालगाडी गेली, खूप लांब, डग्गा यांनी लिहिलेलं बुच ट्रक्सचं आठवलं. बँड नवीन असताना हे लोक इथे येऊन बसायचे, गाणी करायचे. पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूचा फोटो इथल्याच एका थडग्यापाशी काढलाय. आणि एलिझाबेथ रीड ही खरी बाई इथेच आहे, दगडावर नाव कोरलंय, एलिझाबेथ जोन्स रीड नेपिअर. डिकीने गाणं केलं ते दुसऱ्याच एका बाईवर, तिचं नाव उघड करता येत नव्हतं म्हणून या दगडावरचं नाव घेतलं.

ड्वेन आणि बेरी शेजारीशेजारी आहेत, कुंपणाच्या आत. ड्वेन २९ ऑक्टोबर १९७१ ला मोटरसायकलच्या अपघातात गेला, मेकनमध्येच. बेरी ११ नोव्हेंबर १९७२ ला, तोही मोटरसायकलवर, त्या जागेपासून तीन चौक पलीकडे. दोघांचंही वय चोवीस. हे वाचून माहीत होतं, पण दोन दगडांवर चारही तारखा वाचताना मनातल्या मनात वजाबाकी करावी लागते ना, ती करवत नाही. ग्रेग २०१७ पासून तिथेच जवळ आहे.

जेवायला 'एच अँड एच'ला गेलो. लुईझ हडसन, सगळे त्यांना मामा लुईझ म्हणत, त्यांनी या पोरांना खिशात पैसे नसताना पोटभर जेवायला घातलं, बँड चालायला लागल्यावर पोरांनी सगळं चुकतं केलं आणि पुढे त्यांना दौऱ्यावरही नेलं. १९६९ चं जॉर्जिया डोळ्यासमोर आणा. एक कृष्णवर्णीय बाई आपल्या हॉटेलात लांब केसांच्या गोऱ्या पोरांना आणि त्यांच्यातल्या कृष्णवर्णीय जेमोला एका टेबलावर बसवून वाढतेय. 'सदर्न रॉक' म्हटलं की लोकांना गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचे जे झेंडे वगैरे आठवतात त्यात हा बँड बसत नाही, आणि ग्रेगलाही ते लेबल आवडायचं नाही, तो म्हणायचा रॉक जन्मलाच दक्षिणेत, मग वेगळं सदर्न रॉक कशाला म्हणायचं.

डग्गा

लालमाती ताई, खूप छान लिहिलंत. वजाबाकीचं वाचून थांबलो थोडा वेळ.

नवा_श्रोता

मी यांचं काहीच ऐकलेलं नाही. कुठून सुरू करू? तेवीस मिनिटांचं गाणं एकदम झेपेल असं वाटत नाही.

कोरा_कागद

'ब्लू स्काय' ऐका. 'ईट अ पीच' अल्बम, फेब्रुवारी १९७२, पाच मिनिटं. डिकीने पुढे त्याची बायको झालेल्या मैत्रिणीसाठी लिहिलंय आणि पहिल्यांदा स्वतः गायलाय. मधल्या वाजवण्याकडे लक्ष द्या, आधी ड्वेन वाजवतो, मग दोघं मिळून एक छोटी सुरावट घेतात आणि त्यातून बाहेर पडतो तो डिकी. एकाने दुसऱ्याच्या हातात तान ठेवली आणि बाजूला झाला. ती जागा सापडली की तुम्ही आपोआप पुढे जाल. त्यानंतर त्याच अल्बमवरचं 'लिटल मार्था', दोन मिनिटांचं, फक्त दोन अकूस्टिक गिटारी. ड्वेनच्या एकट्याच्या नावावर असलेलं एकमेव गाणं. स्वप्नात जिमी हेंड्रिक्स आला आणि मोटेलच्या बाथरूममधल्या नळावर बोटं ठेवून ही चाल दाखवली, असं तो सांगायचा.

बीकन_रात्र

सगळे १९७१ ला थांबलेत म्हणून लिहितो. ड्वेन गेल्यावर हे लोक संपायला हवे होते, पण ऑगस्ट १९७३ ला 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' आला आणि पाच आठवडे अमेरिकेत पहिल्या नंबरावर राहिला. ड्वेनच्या जागी त्यांनी दुसरा गिटारवाला आणला नाही, चक लेव्हल हा पियानोवाला आणला, वय वीस. 'जेसिका' ऐका. डिकी बेट्सला जँगो राइनहार्ट या डाव्या हाताची दोनच बोटं नीट चालणाऱ्या जॅझ गिटारवाल्याच्या आठवणीसाठी दोन बोटांत वाजेल अशी चाल करायची होती, चाल काही बसेना, तेवढ्यात त्याची लहानगी जेसिका खोलीत आली आणि उड्या मारत फिरायला लागली, तिच्या त्या उड्यांवर चाल बसली. पियानोची बढत येते तेव्हा सकाळ झाल्यासारखं वाटतं. त्याच उन्हाळ्यात २८ जुलैला वॉटकिन्स ग्लेनला ग्रेटफुल डेड आणि द बँड यांच्यासोबत वाजवलं, सहा लाख माणसं जमली होती.

१९७५ नंतरचा काळ मीही भराभर ऐकला, 'विन, लूज ऑर ड्रॉ' थकलेला अल्बम आहे, ऐंशीच्या आसपासचे दोन तर सोडून दिलेत तरी चालेल. पण १९८९ ला पुन्हा एकत्र आले, गिटारवाला वॉरन हेन्स आला, १९९० चा 'सेव्हन टर्न्स' मनापासून केलेला आहे. आणि १९९९ ला डेरेक ट्रक्स, बुचचा पुतण्या, वय वीस. आता कोरा_कागद यांच्यासाठी खास: या मुलाने सॅन राफेलला अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात शिक्षण घेतलंय, आणि स्वतःच्या बँडमध्ये नुसरत फतेह अली खाँची 'माकी मदनी' स्लाइडवर वाजवायचा. त्याच्या स्लाइडमध्ये मींड आहे म्हटलं तर ते कपडे आपण चढवलेले नाहीत, त्यानेच मागून घेतलेत. २००३ च्या मार्चमधलं न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरचं रेकॉर्डिंग 'वन वे आउट' नावाने आहे, त्यातलं 'ड्रीम्स' लावा.

शेवटचा कार्यक्रमही बीकनलाच, २८ ऑक्टोबर २०१४. मध्यरात्र उलटली आणि २९ तारीख लागली, ड्वेनची तारीख, तरी वाजवत होते.

कोरा_कागद

डेरेकबद्दल माहीत नव्हतं. 'ड्रीम्स' ऐकलं. मींडेबद्दल माझे शब्द मागे घेतो.

जुनी_कॅसेट

आठवडाभर इकडे आलो नाही कारण १९७१ च्या फिलमोरचा सहा सीडींचा पूर्ण संच ऐकत होतो, २०१४ ला आलेला. जे मी 'बंदिश आणि मैफल' म्हणत होतो त्याचा पुरावाच आहे हा. १२ आणि १३ मार्चला रोज दोन कार्यक्रम, चारही सगळेच्या सगळे. पोस्टरवर वरचं नाव यांचं नाही, जॉनी विंटर या दुसऱ्याच गिटारवाल्याचं होतं! पहिल्या रात्री ड्वेनने काही हॉर्नवाले मित्र स्टेजवर आणले, टॉम डाउड बाहेर रेकॉर्डिंगच्या गाडीत बसलेला, त्याने डोक्याला हात लावला आणि मध्यंतरात जाऊन सांगितलं की हे बंद करा. ऐकल्यावर डाउडचं पटतं, गिटारींना हालायला जागाच उरत नाही. रोज कार्यक्रम झाला की सगळे टेप ऐकायला बसायचे आणि काय जमलं, काय पुन्हा वाजवायचं ते ठरवायचे. शेवटचा कार्यक्रम बॉम्बच्या अफवेमुळे उशिरा सुरू झाला आणि सकाळी सहाला संपला.

आपण लहानपणापासून ऐकलेल्या अल्बममध्ये डाउडने कात्रीही चालवलीय. 'स्टॉर्मी मंडे'तला हार्मोनिकाचा तुकडा काढलेला, 'यू डोंट लव्ह मी' दोन वेगवेगळ्या खेपा जोडून केलेलं. मूळ खेपा ऐकल्यावर मला उलट डाउडबद्दल आदर वाढला, सांधा कळत नाही.

त्यानंतर तारखेने पुढे गेलो. २६ ऑगस्टचं न्यूयॉर्कमधलं एअँडआर स्टुडिओचं रेकॉर्डिंग, रेडिओसाठी थेट वाजवलेलं. तेरा दिवस आधी सॅक्सोफोनवाला किंग कर्टिस, ड्वेनचा जवळचा मित्र, त्याचा खून झाला होता. 'यू डोंट लव्ह मी' वाजवता वाजवता ड्वेन थांबतो, बोलतो थोडं त्याच्याबद्दल, आणि कर्टिसचं 'सोल सेरेनेड' सुरू करतो. इतकं हळुवार त्याने दुसरीकडे कुठेही वाजवलेलं मला सापडलं नाही.

आणि मग १७ ऑक्टोबर, मेरीलँड. ड्वेनचा शेवटचा कार्यक्रम. मुलाखत घ्यायला आलेल्या एका पोराने हातातल्या छोट्या कॅसेट रेकॉर्डरवर टेप केलेला, २०२० ला 'द फायनल नोट' म्हणून आला. आवाज खराब आहे, ग्रेगचं गाणं दूर कुठेतरी, शेजारच्या माणसांची कुजबुज जवळ. पण स्लाइड त्या सगळ्याला भेदून येते. अजून बारा दिवस.

नवा_श्रोता

'ब्लू स्काय'ची ती जागा सापडली. मग धीर करून फिलमोर पूर्ण ऐकला, दोनदा. एक विचारायचं होतं, 'व्हिपिंग पोस्ट' संपल्यावर टाळ्यांच्या मागे काहीतरी ढुम ढुम असं वाजायला लागतं आणि आवाज बारीक होत जाऊन अल्बमच संपतो. ते काय आहे?

डग्गा

नीट ऐकलंत तुम्ही! ती बुचची टिंपनी, नगाऱ्यासारखा मोठा ड्रम. त्या रात्री ते थांबलेच नाहीत, 'व्हिपिंग पोस्ट'मधून सरळ 'माउंटन जॅम'मध्ये गेले, पण तो तेहतीस मिनिटांचा, फिलमोरच्या अल्बमवर मावणार नव्हता, म्हणून तिथे कापला. तो पुढे 'ईट अ पीच'वर आला, रेकॉर्डच्या दोन बाजूंवर अर्धा अर्धा. म्हणजे फिलमोरचा अल्बम जुलै १९७१ चा, आणि त्याच रात्रीचा पुढचा सूर लोकांनी ऐकला फेब्रुवारी १९७२ ला. मध्ये ऑक्टोबर येऊन गेला.

'माउंटन जॅम'च्या शेवटाकडे ड्वेन एक जुनं चर्चमधलं गाणं स्लाइडवर घेतो, 'विल द सर्कल बी अनब्रोकन'. त्याच्या अंत्यविधीला बँडने तेच वाजवलं होतं.

जुनी_कॅसेट

मी हे दोन्ही इतक्या वेळा ऐकले पण कधी जोडून लावले नाहीत. आत्ता फिलमोरच्या संचातला तेरा तारखेचा शेवटचा कार्यक्रम लावलाय, त्यात मध्ये तोड नाहीये. साडेअकरा वाजलेत, बाहेर पाऊस आहे, खिडकी लावून घेतली. 'व्हिपिंग पोस्ट'चा शेवटचा सूर अजून लांबतोय, टाळ्या पडतायत. टिंपनी सुरू झाली.